रेस उतरेना: १९९८ च्या चेतकच्या एका दुखण्याची पूर्ण हकिगत

आमच्याकडं साताऱ्यात १९९८ ची बजाज चेतक आहे, टू-स्ट्रोक, अण्णांनी म्हणजे माझ्या वडलांनी नवी घेतलेली, आणि २०२३ च्या जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत तिच्या एका दुखण्यानं (मूठ सोडली तरी रेस म्हणजे इंजिनाचा वेग खाली येईना) आम्हाला जे फिरवलं ते सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. ज्यांच्या घरी अशी जुनी स्कूटर लॉकडाऊनपासून उभी आहे आणि आता चालू करायचा विचार आहे त्यांच्याकडंही हेच होण्याची बरीच शक्यता आहे, आणि आमचं दुखणं एकीकडं अन् औषध भलतीकडं असं जे झालं ते तुमचं होऊ नये.

साताऱ्याचं आणि स्कूटरचं नातं जुनं आहे. बजाज आणि सरकारी महामंडळ मिळून १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली, तिचा कारखाना इथलाच, प्रिया स्कूटर इथं बनायची. त्यामुळं आमच्या लहानपणी गल्लीत प्रत्येकाच्या घरचं कुणीतरी त्या कामाशी जोडलेलं असायचं आणि स्कूटर उघडणं बघणं हा रविवारचा कार्यक्रम असायचा. चेतक १९७२ पासूनची, मूळ आराखडा इटलीच्या व्हेस्पा स्प्रिंटचा, नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ५७ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही ५७ मिमी, म्हणून १४५.४५ सीसी. डाव्या मुठीत चार गिअर, उजव्या पॅनलखाली इंजिन, पेट्रोलमध्ये लिटरला २० मिली ऑइल. जुन्या चेतकांना प्लगच्या ठिणगीसाठी पॉइंट असायचा, आमची इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे ती एक कटकट तरी नाही.

अण्णा जिल्हा परिषदेत होते. त्यांची एक सवय मला तेव्हा कंटाळवाणी वाटायची आणि आता तिची किंमत कळते. डिकीत एक छोटी डायरी, पेट्रोल भरलं की तारीख, लिटर, किलोमीटर. काही काम केलं की तेही, कुठला पार्ट, किती पैसे. पंचवीस वर्षांत चार डायऱ्या झाल्या. पुढं त्या कामाला आल्या.

मार्च २०२० ला गाडी पोर्चमध्ये लागली ती लागलीच. अण्णांचा गुडघा दुखायला लागला, किक मारवेना, मी नोकरीला पुण्यात, आणि ताडपत्री टाकून ठेवली की मनाला वाटतं गाडी जपली. पण टाकीत निम्मं पेट्रोल तसंच, पेट्रोलची चावी उघडी, कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) भरलेला. तीन वर्षं. हे मी नंतर ज्याला ज्याला सांगितलं तो मेकॅनिक कपाळाला हात लावायचा.

२०२३ ला आरसीचं नूतनीकरण आलं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २०१३ ला संपली, मग दर ५ वर्षांनी, २०१८ आणि २०२३. एप्रिल २०२२ ला दुचाकीची ही फी ३०० वरून १००० झाली होती, शिवाय पर्यावरण कर, पीयूसी, इन्शुरन्स आणि गाडी आरटीओला दाखवायची, म्हणजे ती चालती पाहिजे. घरात चर्चा झाली की ठेवायची का काढायची. भंगारवाला सहा हजार म्हणत होता. अण्णा काही बोलले नाहीत, एवढंच म्हणाले, "सप्टेंबरात कासला फुलं येतील, एकदा मागं बसून जाईन म्हणतो." बस, ठरलं.

पहिलं काम बरं झालं. टाकी उतरवली, आत तळाला गंज आणि वास मारणारं पाणचट पेट्रोल. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि वर साधं पेट्रोल राहतं, आणि टाकीतला पत्रा नेमका त्या खालच्या थरात भिजत राहतो. २०२२ च्या मध्यापासून तर देशभर सरासरी १० टक्के इथेनॉल झालं होतं आणि आता २०२५ पासून सगळीकडं २० टक्क्यांचं, म्हणजे जुन्या गाड्या उभ्या ठेवणाऱ्यांनी हे आणखी मनावर घ्यायला हवं. कार्बोरेटरमध्ये पांढरी भुकटी आणि तपकिरी चिकटा होता. टाकी धुतली, पेट्रोलचा पाइप, फ्लोटची सुई, दोन्ही टायर-ट्यूब (टायर बाजूनं तडकले होते), क्लच आणि गिअरच्या केबल, ब्रेक शू, गिअर ऑइल, सगळं नवं. दहाव्या-बाराव्या किकला गाडी धूर टाकत चालू झाली आणि अण्णा दारात येऊन उभे राहिले ते बंद करेपर्यंत आत गेले नाहीत. ऑगस्टात आरटीओचं काम झालं.

आता मूळ दुखणं. जुलैच्या शेवटीच लक्षात आलं होतं की पोवई नाक्याला सिग्नलला थांबलं, मूठ सोडली, तरी इंजिनाची रेस खाली येत नाही. म्हणजे येते पण सात-आठ सेकंद घेते, आणि गाडी गरम झाली असेल तर येतच नाही, तशीच वर ओरडत राहते. थंड असताना मात्र उलटं, आयडलिंगला धरत नव्हती, बंद पडायची. आणि तिसरी गोष्ट, चढाला दम कमी वाटायचा. ही तिन्ही लक्षणं एका वेळी होती, पण मी प्रत्येक मेकॅनिककडं त्या दिवशी जे जास्त छळत होतं तेवढंच सांगायचो. माझी चूक इथं झाली आणि ती मी स्पष्ट लिहितो, डॉक्टरकडं जाऊन फक्त डोकं दुखतंय म्हणायचं आणि ताप सांगायचाच नाही तसं ते होतं.

पहिल्या गॅरेजवाल्यानं कार्बोरेटर साफ करून आयडलिंगचा स्क्रू मागं घेतला, ३०० रुपये. दोन दिवस बरं वाटलं, मग सकाळी गाडी बंद पडायला लागली. दुसरा म्हणाला अॅक्सिलरेटर केबल अडकतेय, कार्बोरेटरमधली हवा रोखणारी स्लाइड खाली येत नाही. केबल, परत सफाई, नवा प्लग, ५५०. जुना प्लग त्यानं काढून माझ्या हातात दिला, टोकाला पांढराफटक होता. त्यावेळी मला वाटलं पांढरा म्हणजे स्वच्छ, म्हणजे चांगला. चांगल्या चालणाऱ्या टू-स्ट्रोकचा प्लग कॉफीसारखा तपकिरी असतो. काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त, आणि पांढरा म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजतंय. पुरावा माझ्या तळहातावर होता आणि मी तो कचऱ्यात टाकला.

तिसऱ्यानं कार्बोरेटरच बदलला. म्हणाला जुना झिजलाय, हवा ओढतोय. निदानाची दिशा त्याची निम्मी बरोबर होती, हवा कुठूनतरी आत जात होतीच, पण कार्बोरेटरमधून नाही. डुप्लिकेट कार्बोरेटर १४५० आणि मजुरी २००. आमचा मूळचा मी परत मागून घेतला ते एक बरं केलं. नवा बसवून गाडी आणखी बिघडली कारण त्याचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, कुठल्या मापाचे होते देव जाणे. तरी मी तशीच चालवत राहिलो, कारण चालत तर होती आणि सप्टेंबर जवळ आला होता.

सप्टेंबरचा शेवटचा शनिवार. अण्णा मागं, मी पुढं, समर्थ मंदिराच्या पुढून यवतेश्वरचा घाट लागतो. कास इथून २५ किलोमीटरच्या आसपास, त्यातला पहिला घाटच काय तो खडा. दुसऱ्या गिअरला चाललो होतो. निम्म्या घाटात आधी पिकअप गेला, मूठ पिळली तरी गाडी ओढेना, मग इंजिनातून चिमणी चिवचिवल्यासारखा बारीक धातूचा आवाज आला. तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. मी गिअर कमी करायचा विचार करतोय तोवर मागचं चाक एकदम धरलं गेलं, क्षणभर गाडी घसरली, आणि हात आपोआप क्लचवर गेला म्हणून चाक सुटलं आणि आम्ही कडेला लागलो. मागून जीप येत होती. अण्णा काही बोलले नाहीत, त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता तो बराच वेळ तसाच राहिला. टू-स्ट्रोक चालवणाऱ्या प्रत्येकानं हे लक्षात ठेवा, चढाला किंवा लांबच्या पल्ल्यावर दोन बोटं क्लचवर असूद्यात. पिस्टन धरला तर ब्रेकनं काही होत नाही, चाक सुटतं ते क्लचनंच.

पाऊण तासानं किक हलली. म्हणजे पूर्ण जॅम नव्हतं, गरम होऊन धरलं होतं आणि थंड झाल्यावर सुटलं. पण मी चालू केली नाही, खाली उतारानं सोडतही नेली नाही. छोटा हत्ती बोलावला, ८०० रुपये, आणि घरी आणली. हा एक निर्णय तरी बरोबर ठरला, चालू केली असती तर लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, आणखी खरवडला असता.

मग अण्णांनीच त्यांच्या जुन्या ओळखीतल्या मिस्त्रींकडं जायला सांगितलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. वय सत्तरीच्या पुढं, गॅरेज म्हणजे घरापुढचं पत्र्याचं शेड, हल्ली फारसं काम घेत नाहीत. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला बसवलं आणि विचारलं, "पयल्यापासनं सांग, बाळ. कधी उभी केली, कधी चालू केली, रेस थंडीला चढती का गरमला?" मी सगळं सांगितलं, पहिल्यांदाच सगळं एका दमात. मग म्हणाले, "रेस चढल्यावर चोक वढून बघितला हुता का?" नव्हता. "गिअरचं ऑइल कमी झालं का? धूर किती?" ऑइल जागेवर होतं, धूर नेहमीचाच. "सील कधी बदललं?" मला ठाऊक नव्हतं. अण्णांनी डायरी काढली. नोव्हेंबर २००४, इंजिन काम, बोअर पहिला, पॉइंट पंचवीस (म्हणजे सिलिंडर घासून पाव मिमी मोठा केलेला), दोन्ही सील. चाचा म्हणाले, "एकोणीस वर्सं. मग काय."

हे त्यांना एवढ्या पटकन कसं कळलं ते नीट समजून घेतलं, कारण मला ते चमत्कारासारखं राहू द्यायचं नव्हतं. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालचा बंद भाग, म्हणजे क्रँककेस, हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना तिथं ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल, ऑइल आणि हवा असं मिश्रण आत येतं, खाली येताना तेच वर ढकललं जातं. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, दोन्ही टोकांना रबरी सील असतात तेव्हाच हा पंप बंद राहतो. एक टोक मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूला, बाहेरच्या हवेशी. दुसरं क्लचच्या बाजूला, गिअर ऑइलशी. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढतं, पांढरा दाट धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं. मॅग्नेटकडचं गेलं तर नुसती हवा ओढतं, धूर वाढत नाही, ऑइल कमी होत नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. ही हवा कार्बोरेटरला न विचारता आत येते, म्हणून स्क्रू कितीही फिरवा, स्लाइड पूर्ण बंद असली तरी इंजिनाला हवा मिळतच राहते आणि रेस उतरत नाही. आणि खरा धोका रेसचा नाहीच. या इंजिनात पिस्टनला वंगण वेगळं नसतं, पेट्रोलमधून येतं तेवढंच. पेट्रोल कमी पडलं म्हणजे ऑइलही कमी पडलं, त्यात पातळ मिश्रण जास्त गरम जळतं, आणि डबल सीट घाटात पिस्टन फुगून लायनरला धरतो.

म्हणून त्यांनी चोक विचारला होता. चोक ओढला की इंजिनाला हवेच्या मानानं पेट्रोल जास्त मिळतं. रेस चढलेली असताना चोक ओढला आणि रेस खाली येऊन इंजिन शांत झालं तर समजायचं की हवा जास्त होतीय. ही तपासणी फुकट आहे, रस्त्याच्या कडेला होते, आणि जुलैमध्ये मला कुणी सांगितली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. चोकनं फरक पडलाच नाही तर मग केबल, स्लाइड वगैरे बघावं.

मॅग्नेट पुलरनं काढला. मागं सगळं तेलकट काळं, आणि सीलचा ओठ नखानं दाबला तर लवचिकपणा नाही, बिस्किटासारखी कड तुटून हातात आली. सतत चालत्या गाडीत हा ओठ ऑइलनं ओला राहतो, तीन वर्षं उभ्या गाडीत कोरडा पडला, आधीच म्हातारा होता. हेड काढलं तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, प्लगच्या टोकाला अॅल्युमिनियमचे बारीक चमकणारे कण.

इंजिन पूर्ण खोललं. लेथवर बोअर, आता पॉइंट पन्नासचा पिस्टन, रिंगा, पिन, क्रँकची बेअरिंगं, दोन्ही सील, पॅकिंग. हे पार्ट अजून सहज मिळतात, मूळ टू-स्ट्रोक चेतक बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी, इतक्या गाड्या रस्त्यावर होत्या म्हणून. पिस्टन सेट १३५०, लेथ ५००, बेअरिंग-सील-पॅकिंग १३००, क्लच प्लेटा, प्लग आणि गिअर ऑइल ४५०, मजुरी २५००. एकूण ६१००. त्यात दोन सीलची किंमत १४० रुपये. आधीच्या चुकीच्या निदानांचे २५०० आणि टेम्पोचे ८०० धरले तर ९४०० गेले. जुलैमध्येच निदान झालं असतं तर मॅग्नेटकडचं सील इंजिन न खोलता बाहेरूनच बदलता आलं असतं आणि मजुरीसकट हजारात भागलं असतं. मला आधीच्या तिघांवर राग नाही, ते आता रोज गिअरलेस गाड्या करतात, टू-स्ट्रोक त्यांच्याकडं वर्षाला एखादी येते, आणि मी त्यांना अर्धीच माहिती दिली होती. पण एवढं म्हणेन की कार्बोरेटर एकदा साफ करूनही तेच दुखणं परत आलं तर दुसऱ्यांदा साफ करू देऊ नका, तिथं काही नाही.

डुप्लिकेट कार्बोरेटर चाचांनी काढून ठेवला आणि आमचा जुनाच परत बसवला. स्वच्छ केला, तळ काचेवर घासून सपाट केला, जेट त्याचेच. पहिल्या किकला नाही, तिसऱ्याला. रेस दिली, मूठ सोडली, आणि दोन सेकंदांत इंजिन खाली येऊन ठक ठक ठक करत उभं राहिलं. चाचांनी पाच मिनिटं तशीच चालू ठेवली आणि नुसतं ऐकत बसले.

पहिले ५०० किलोमीटर चाळीसच्या वर नाही, डबल सीट नाही, लिटरला ३० मिली ऑइल. हे फार कंटाळवाणं असतं पण नव्या बोअरला पर्याय नाही. नंतर परत २० मिली. पंपावर ऑइल मारायची सोय आता बहुतेक ठिकाणी राहिली नाही, म्हणून डिकीत टू-टी ऑइलची बाटली आणि मापाचं झाकण कायमचं. ऑइल आधी टाकीत ओतायचं आणि त्यावर पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. ५०० ला प्लग काढला, तपकिरी. यावेळी कचऱ्यात नाही टाकला, परत लावला. अॅव्हरेज अण्णांच्या डायरीप्रमाणं ४१.

मी पुण्यात असतो म्हणून आठवड्यात गाडी उभीच असते. त्यामुळं रविवारी आलो की संध्याकाळी निघायच्या आधी एक चक्कर राजवाड्यापर्यंत, आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशीच पेट्रोलची चावी बंद करायची, दारात येईपर्यंत कार्बोरेटर रिकामा होतो आणि गाडी आपसूक बंद पडते. पंधरा दिवसांपेक्षा जास्त यायला जमणार नसेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवायची, रिकामी जागा कमी म्हणजे ओल कमी. हे दोन नियम चाचांचे. मध्ये महिनाभर आलो नाही तेव्हा शेजारचा मुलगा किक मारून चालू ठेवायचा, त्यालाही चावी बंद करायचं शिकवलंय.

लोक विचारतात एवढ्या पैशात इलेक्ट्रिकचं डाउन पेमेंट झालं असतं, चेतक आता इलेक्ट्रिक मिळते, २०२० पासून रस्त्यावर आहे. बरोबर आहे, आणि माझ्या बायकोसाठी आम्ही घेतली तर तीच घेऊ. पण हा हिशोब या गाडीला लावायचा नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गाडीच्या पुढच्या जागेत उभं राहून मी शाळेत गेलो, आणि जिचं कुठलं सील कुठल्या साली बदललं ते घरात लिहिलेलं आहे, ती मी रोजच्या वापरासाठी ठेवलेली नाहीये. फक्त ठेवायची तर नीट ठेवावी, ताडपत्रीखाली कुजवू नये.

२०२४ च्या सप्टेंबरात परत निघालो. अण्णांना मी म्हणालो गाडीतनं जाऊ, ते नाही म्हणाले. यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरला, दोन बोटं क्लचवर, कान इंजिनाकडं. मागच्या वर्षी जिथं थांबलो होतो त्या वळणावर अण्णांनी खांद्यावर हात ठेवला आणि घाट संपल्यावर काढला. वर पोचल्यावर मूठ सोडली, रेस खाली आली. घरी येऊन त्यांनी डायरीत तारीख, किलोमीटर, पेट्रोल लिहिलं, आणि त्याखाली लिहिलं की मागचा ब्रेक ढिला लागतोय, शू बघणे.